बॉक्सरचा रेकॉर्ड कसा वाचायचा, नुसता शून्य बघून भुलू नका

19 मार्च 2021 ला आपल्या पणजीत, मांडवीतल्या मॅजेस्टिक प्राईड कॅसिनो जहाजावर विजेंदर सिंग रिंगमध्ये उतरला तेव्हा त्याचा प्रो रेकॉर्ड होता 12-0. समोर रशियाचा आर्तिश लोप्सान, आपल्याकडे कुणाला नावसुद्धा माहीत नव्हतं, आणि पाचव्या राउंडला विजेंदर टीकेओने, म्हणजे रेफरीने फाइट थांबवल्यामुळे, हरला. खूप जणांना धक्का बसला. पण तोच रेकॉर्ड एक-एक ओळ करून वाचला असता तर त्यात धोक्याच्या खुणा दिसत होत्या. आपल्या गोव्यात फुटबॉल पोराटोरांना कळतो, बॉक्सिंगच्या बाबतीत मात्र "अरे तो एकदाही हरलेला नाय" एवढ्यावरच सगळं थांबतं, म्हणून हे लिहितोय, एखाद्या चॅम्पियनचं करिअर त्याच्या रेकॉर्डवरून कसं समजून घ्यायचं ते.

आधी आकडे, ते सोपं आहे. 12-0 म्हणजे 12 जिंकला, 0 हरला. तिसरा आकडा असला तर तो बरोबरीचा. पुढे कंसात केओ असतात म्हणजे किती जणांना वेळेआधी संपवलं ते. यूडी म्हणजे तिन्ही जजनी एकालाच जिंकवलं, एसडी म्हणजे दोन इकडे एक तिकडे, टीकेओ म्हणजे रेफरीने थांबवली, आरटीडी म्हणजे बॉक्सर किंवा त्याचा कॉर्नर (ट्रेनर वगैरे त्याची माणसं) दोन राउंडच्या मध्ये स्टुलावरूनच नको म्हणाला. आणि ॲमॅच्युअरचं यात काहीच धरत नाहीत, विजेंदरचं 2008 चं बीजिंग ऑलिम्पिकचं ब्राँझ त्या 12 मध्ये कुठेच नाही. त्याचं प्रो खातं सुरू झालं ऑक्टोबर 2015 ला मँचेस्टरमध्ये.

आता मुख्य गोष्ट. फुटबॉलच्या लीगमध्ये सगळ्यांना सगळ्यांशी खेळावंच लागतं, धेंपो असो की चर्चिल, टेबल खोटं बोलत नाही. बॉक्सिंगमध्ये तसं नाही, इथे प्रमोटर आणि मॅनेजर ठरवतात कुणाशी लढायचं, आणि नवीन पोराला सुरुवातीला मुद्दाम जिंकता येतील असेच प्रतिस्पर्धी देतात. यात लबाडी आहेच असं नाही, त्याला राउंडची सवय व्हायला लागते, पण त्यामुळे नुसत्या 12-0 ला किंवा अगदी 25-0 लापण स्वतःची अशी किंमत नसते. म्हणून बॉक्सरेक या बॉक्सरांच्या रेकॉर्डच्या वेबसाइटवर जा, फ्री अकाउंट उघडा, बॉक्सरचं पान काढा आणि सगळ्यात खालून, म्हणजे पहिल्या फाइटपासून वर वाचत या. प्रत्येक ओळीत समोरच्याचं नाव असतं त्यावर क्लिक करा आणि त्या दिवशी *त्याचा* रेकॉर्ड काय होता ते बघा. हरत आलेलेच लोक ओळीने दिसले तर समजा अजून परीक्षा झालेली नाही. मग कुठल्या फाइटपासून समोरचे लोक तगडे व्हायला लागले ती ओळ शोधा, माझ्या मते खरं करिअर तिथून सुरू होतं.

आणि हरणं बघून नाक मुरडू नका. अमेरिकेचा बर्नार्ड हॉपकिन्स 1988 मध्ये पहिलीच प्रो फाइट हरला, पुढे मिडलवेटचा टायटल 20 वेळा राखला आणि 2011 मध्ये वयाच्या 46 व्या वर्षी जाँ पास्कालला हरवून परत वर्ल्ड चॅम्पियन झाला. युक्रेनच्या लोमाचेंकोने दोन ऑलिम्पिक गोल्ड घेऊन प्रो झाल्यावर दुसऱ्याच फाइटला थेट टायटल मागितला, मार्च 2014, समोर ओर्लांदो सालिदो, जो वजनातच बसला नव्हता आणि जड अंगाने लढला, आणि लोमाचेंको एसडीने हरला. तीनच महिन्यांनी गॅरी रसेल ज्युनियरला हरवून तो चॅम्पियन झाला. ती एक हार मला कित्येकांच्या वीस विजयांपेक्षा मोठी वाटते, कारण दुसऱ्या फाइटला एवढी हिंमत कोण करतं!

मग तारखा. दोन फाइटमधलं अंतर बघणं ही सगळ्यात सोपी आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. विजेंदरची गोव्याच्या आधीची फाइट नोव्हेंबर 2019 ला दुबईत होती, म्हणजे मध्ये सोळा महिने रिंगबाहेर, कोविड वगैरे सगळं त्यात आलं, वय 35, आणि समोर त्याच्याहून चांगलाच उंच आणि तरुण माणूस. हे तिन्ही आकडे फाइटच्या आदल्या रात्री कुणालाही दिसले असते. पण गॅप दिसली की लगेच दुखापत किंवा आळस समजू नका, कारण शोधा. मोहम्मद अलीच्या रेकॉर्डमध्ये मार्च 1967 नंतर एकदम ऑक्टोबर 1970 येतो, साडेतीन वर्षं, कारण त्याने सैन्यभरतीला नकार दिला आणि त्याचं लायसन आणि टायटल दोन्ही काढून घेतलं. ऐन उमेदीतली वर्षं गेली ती, त्याचा 56-5 वाचताना ही रिकामी जागा डोळ्यासमोर ठेवलीच पाहिजे.

वजनाचा कॉलम पण बघा. प्रो बॉक्सिंगमध्ये परंपरेने 17 वजनी गट आहेत, 105 पाउंडपासून सुरू होतात आणि 200 च्या वर हेवीवेट. फिलिपिन्सचा पॅकियाओ 1998 मध्ये 112 पाउंडला, म्हणजे साधारण 51 किलोला, वर्ल्ड चॅम्पियन झाला आणि 2010 मध्ये 154 पाउंडच्या गटाचा टायटल घेतला, एकूण आठ गटांत. त्याच्या नावावर 8 हारी आहेत म्हणून त्याला अमेरिकेच्या मेवेदरच्या 50-0 च्या खाली टाकणाऱ्यांनी हा कॉलम एकदा वरपासून खालपर्यंत वाचावा. मेवेदर थोर आहेच, 2015 ला त्यानेच पॅकियाओला हरवलं, पण त्याची 50 वी फाइट एमएमए (मिक्स मार्शल आर्ट्स) वाल्या कॉनर मॅकग्रेगरशी होती जो पहिल्यांदाच प्रो बॉक्सिंग करत होता, तेव्हा 49 आणि 50 मधला तो एक आकडा कसा आला तेही माहीत पाहिजे.

बेल्टचा घोळ आपल्याकडे पेपरवाले पण करतात. मोठ्या संस्था चार, डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ, डब्ल्यूबीओ. प्रत्येकीचा वर्ल्ड टायटल वेगळा, आणि त्याखाली प्रादेशिक बेल्ट. विजेंदरने जुलै 2016 ला दिल्लीत केरी होपला हरवून घेतला तो डब्ल्यूबीओ एशिया पॅसिफिक, वर्ल्ड टायटल नाही. भारतासाठी ती मोठीच गोष्ट होती, मला आजही तिचा अभिमान वाटतो, पण दोन्ही एक नव्हेत. 'अनडिस्प्युटेड' हा शब्द चारही बेल्ट एकाकडे असले तरच वापरायचा, जसं युक्रेनच्या उसिकने 2018 ला क्रूझरवेटमध्ये आणि मे 2024 ला रियाधमध्ये फ्युरीला हरवून हेवीवेटमध्ये केलं.

शेवटच्या ओळी पण सोडू नका, वाचायला त्रास होतो तरी. ऑक्टोबर 1980, अली विरुद्ध होम्स, आरटीडी 10, अली 38 वर्षांचा, त्याचा ट्रेनर अँजेलो डंडीने कॉर्नरमधून थांबवलं. त्यानंतरही 1981 मध्ये तो अजून एकदा लढला आणि हरला. आधीच्या अलीने फ्रेझरशी तीनदा, फोरमनशी झैरेमध्ये काय केलं ते आकडे यामुळे कमी होत नाहीत, पण एखाद्या तरुण बॉक्सरने उतरलेल्या मोठ्या नावाला हरवलं असेल तर तो विजय किती मोजायचा हे या ओळींवरून कळतं.

उरलं ते जजचं काम, आणि ते फक्त बघूनच येतं. 2017 मध्ये कानेलो आणि गोलोव्किन यांची फाइट बरोबरीत सुटली, त्यात एका जजने 118-110 असे कानेलोला दिले होते आणि त्यावरून जगभर बोंबाबोंब झाली, रेकॉर्डमध्ये मात्र नुसता 'ड्रॉ' लिहिलाय. अमेरिकेतली शनिवार रात्रीची फाइट आपल्याकडे रविवारी सकाळी लागते, पोदेराचे पाव येऊन गेलेले असतात, घर निवांत असतं, तेव्हा टीव्हीचा आवाज बंद करा म्हणजे कॉमेंट्रीवाला तुम्हाला ओढणार नाही, आणि कागदावर स्वतः मार्क द्या. राउंड जिंकणाऱ्याला 10, हरणाऱ्याला 9, एकदा खाली पडला तर बहुतेक वेळा 8. राउंड संपला की लगेच लिहा, मागाहून बदलू नका. निकालानंतर जजची कार्डं नेटवर येतात ती शेजारी ठेवा, आणि जिथे तुमचे मार्क तिघांशीही जुळले नाहीत तो राउंड परत लावून बघा.