चोरी, विश्वास आणि न्यायाच्या प्राणिकथा मुलांना सांगताना या चुका टाळा

माकड आणि दोन मांजरे, धर्माच्या गप्पा मारणारा बोका, लोखंड खाणारे उंदीर या गोष्टी आपल्यापैकी बहुतेकांना तोंडपाठ असतात आणि नेमक्या त्यामुळेच त्या सांगताना आपण बेफिकीर होतो. गोष्ट संपते, सांगणारा तात्पर्य उच्चारतो आणि समोरचे मूल विचारते, "पण मग चोरी केली कोणी?" हा प्रश्न आला की समजावे, मूल गोष्टीत गुंतलेले आहे, पण आपल्या सांगण्यात कुठेतरी दुवा निसटला आहे. चोरीच्या, विश्वासाच्या आणि वाटणीच्या प्राणिकथा व्यवहारावर उभ्या असतात. कोणाचे काय होते, ते कोणाच्या हाती दिले, परत मागितले तेव्हा काय उत्तर मिळाले आणि शेवटी कोणाच्या पदरात काय उरले, हा हिशेब स्पष्ट असेल तर गोष्ट आपली आपण उभी राहते; तो पुसट झाला तर कितीही गोड आवाजात सांगितली तरी तिच्यात काही उरत नाही. गेली काही वर्षे मी लहान मुलांना नियमाने गोष्टी सांगतो. या काळात ज्या चुका माझ्याकडून झाल्या आणि ज्या इतरांच्या सांगण्यात वारंवार आढळल्या, त्यांतल्या महत्त्वाच्या चुकांविषयी येथे लिहितो.

वाटणी घाईने उरकणे

लोण्याच्या गोळ्यावरून भांडणाऱ्या दोन मांजरांची गोष्ट बहुतेक जण अशी सांगतात: माकडाने तराजू आणला, जड पारड्यातले थोडे खाल्ले, मग दुसरे जड झाले, मग तेही खाल्ले, असे करत सगळे लोणी संपले. मुले हसतात, पण मांजरे फसली कशी हे त्यांना कळत नाही, कारण फसवणूक ज्या जागी आहे ती जागा आपण ओलांडून पुढे गेलेलो असतो. गोष्टीचा सगळा जीव तागडीत आहे, म्हणून तेथे थांबावे आणि आकडे घालून सांगावे. एका पारड्यात बारा तोळे लोणी आहे, दुसऱ्यात दहा. माकडाने जड पारड्यातले चार तोळे खाल्ले, तेथे आठ उरले आणि आता दहाचे पारडे खाली गेले. त्यातले चार खाल्ले, सहा उरले. पुन्हा आठातले चार, पुन्हा सहातले चार. चार घासांत बावीस तोळ्यांपैकी सोळा तोळे माकडाच्या पोटात गेले, मांजरांपुढे चार आणि दोन तोळे राहिले, आणि दोन पारड्यांतला फरक पहिल्यापासून शेवटपर्यंत दोनच तोळ्यांचा राहिला.

यानंतर मुलांना इतकेच विचारावे की माकडाने काय करायला हवे होते. थोडा वेळ जातो आणि मग कोणीतरी सांगतेच की जड पारड्यातला एक तोळा काढून हलक्या पारड्यात ठेवायचा, म्हणजे अकरा-अकरा होतील. घरी मळलेली कणीक आणि काठीला दोऱ्याने बांधलेल्या दोन वाट्या घेऊन हे करून दाखवले तर फारच चांगले. काढलेला तुकडा पारड्यात न जाता तोंडात का गेला, हे ज्या मुलाने स्वतःच्या हाताने ताडून पाहिले, त्याला "दोघांचे भांडण तिसऱ्याचा लाभ" ही म्हण वेगळी शिकवावी लागत नाही.

याच घडणीची एक फार जुनी गोष्ट पाली जातककथांत, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या कथांत आहे. तेथे दोन पाणमांजरे मिळून एक मोठा रोहित मासा काठावर ओढून आणतात आणि वाटणीवरून अडतात. एक खोल पाण्यात शिकार करणारे, दुसरे काठाकाठाने. कोल्हा न्याय देतो: शेपटी काठावरच्याला, डोके खोल पाण्यातल्याला आणि मधला तुकडा न्याय करणाऱ्याला. येथे एकाच घावात निकाल लागतो आणि कोल्ह्याने न्यायाधीश या नात्यानेच आपला वाटा उघडपणे घेतलेला असतो. दोन्ही गोष्टी लागोपाठ सांगितल्या तर लबाडीच्या दोन तऱ्हा मुले स्वतःच वेगळ्या काढतात. एक लपतछपत घास घेते, दुसरी हक्क म्हणून वाटा घेते.

प्राण्यांवर कायमचा शिक्का मारणे

ही चूक मला सर्वांत घातक वाटते. कोल्हा म्हणजे लबाड, उंदीर म्हणजे चोर, बगळा म्हणजे ढोंगी असे एकदा ठरवून टाकले की गोष्टीत काय घडते हे पाहण्याची गरजच राहत नाही. पंचतंत्र स्वतः असे करत नाही. त्याच्या मित्रसंप्राप्ति या तंत्रातला, म्हणजे भागातला, हिरण्यक उंदीर हा याचा उत्तम दाखला आहे. आपल्याला तो आठवतो चित्रग्रीव कबुतराचे जाळे कुरतडणारा जिवलग मित्र म्हणून. पण हाच हिरण्यक पुढे आपली पूर्वकथा सांगतो, तेव्हा कळते की एका मठात ताम्रचूड नावाच्या संन्याशाने खुंटीला टांगून ठेवलेल्या भिक्षापात्रावर तो रोज रात्री उडी मारून अन्न पळवत असे. संन्यासी झोपेतसुद्धा फुटका बांबू आपटून त्याला हाकलत राही. शेवटी पाहुण्याच्या सल्ल्याने बीळ खणले गेले, खाली पुरलेले धन निघाले, आणि त्या धनाच्या जोरावर उंच उडणाऱ्या हिरण्यकाची उडी त्या दिवसापासून तोकडी पडू लागली.

चोरी करणारा आणि मित्रासाठी दात झिजवणारा एकच उंदीर आहे, हे मुलांना कळू द्यावे. चित्रग्रीव त्याला म्हणतो की आधी माझ्या सोबत्यांचे पाश तोड, माझे नंतर. न्यायाचा इतका सुंदर प्रसंग एका भूतपूर्व चोराच्या बिळासमोर घडतो. उंदराला चोर म्हणून निकालात काढणाऱ्या सांगणाऱ्याच्या हातून हा प्रसंग निम्मा निसटतो.

हा आग्रह केवळ वाङ्मयीन नाही. १८७१ साली इंग्रज सरकारने कायदा करून या देशातल्या कितीतरी जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले. स्वतंत्र भारतात १९५२ साली तो शिक्का कायद्याने पुसला गेला आणि त्या जमाती विमुक्त म्हणवल्या जाऊ लागल्या. पण गावात चोरी झाली की पारधी वस्तीकडे बोट दाखवण्याची सवय अजून गेलेली नाही. "त्याची जातच चोराची" हे वाक्य आपण कोल्ह्याविषयी सहज बोलतो तेव्हा समोर बसलेल्या पंधरा-वीस मुलांपैकी एखाद्याने ते आपल्या आईवडिलांविषयी ऐकलेले असू शकते. त्यामुळे "कोल्हे लबाड असतात" असे न म्हणता "या कोल्ह्याने लबाडी केली" असे म्हणावे. वाक्यातला फरक लहान आहे, ऐकणाऱ्यासाठी तो लहान नाही.

गोष्ट कोण कोणाला सांगतो हे गाळणे

पंचतंत्राच्याच काकोलूकीय तंत्रात कपिंजल पक्ष्याची गोष्ट आहे. तो साळीच्या शेतात चरायला जातो आणि बरेच दिवस परत येत नाही. तेवढ्यात त्याच्या ढोलीत एक ससा राहायला येतो. परतल्यावर वाद होतो. ससा म्हणतो, शेतजमिनीवर माणसांचा दहा वर्षांचा भोगवटा प्रमाण मानतात, पण पशुपक्ष्यांचे घर जो त्यात राहील त्याचे. युक्तिवाद अगदीच टाकाऊ नाही, म्हणून मुलांना तो पुरता ऐकवावा आणि दोन्ही बाजू मांडायला लावाव्यात. मग दोघे नदीकाठी हातात दर्भ घेऊन सूर्याकडे तोंड करून उभ्या असलेल्या बोक्याकडे न्याय मागायला जातात. तो म्हणतो, मी म्हातारा झालो, लांबचे नीट ऐकू येत नाही, जवळ येऊन सांगा. ते जवळ जातात आणि एक पंजात, दुसरा दातांत सापडतो.

बहुतेक पुस्तकांत गोष्ट येथे संपते. मूळात मात्र ती एक कावळा इतर पक्ष्यांना सांगत असतो, कारण ते घुबडाला राजा करायला निघालेले असतात. न्याय मागायला कोणाकडे जावे, हा त्या सभेपुढचा खराखुरा प्रश्न आहे. हा संदर्भ दोन वाक्यांत देता येतो आणि दिला की गोष्टीला वजन येते. तपस्वी बोक्याची अशीच एक कथा महाभारताच्या उद्योगपर्वात आहे, आणि ती दुर्योधन शकुनीचा मुलगा उलूक याच्या तोंडून युधिष्ठिराला सुनावतो, म्हणजे युधिष्ठिरालाच ढोंगी ठरवण्यासाठी. ढोंगाविरुद्धची गोष्ट अन्याय करणाराही हत्यार म्हणून वापरू शकतो, हे आठवी-नववीच्या मुलांशी अवश्य बोलावे. महाबलीपुरमच्या प्रचंड शिल्पपटात तो बोका पुढचे पाय वर करून उभा आहे आणि त्याच्या पायांशी उंदीर जमले आहेत. त्याचे छायाचित्र जवळ असेल तर दाखवावे.

शेवट गुळमट करणे

मुले घाबरतील म्हणून बाळाला सापापासून वाचवणाऱ्या मुंगसाला शेवटी जिवंत करणारे सांगणारे मी ऐकले आहेत. रक्ताने माखलेले तोंड घेऊन जे मुंगूस आनंदाने दारात धावत आले, त्यानेच बाळाला मारले असे समजून त्याला मारले गेले आणि आत पाळण्याशेजारी साप मरून पडलेला होता. हे बदलले तर ऐकण्यासारखे काहीच उरत नाही. मूल अगदी लहान असेल तर ही गोष्ट दोन वर्षांनी सांगावी.

विश्वासाच्या गोष्टींत उलट दिशेनेही गुळमटपणा येतो. "विश्वासघात झाला तरी क्षमा करावी" असे म्हणून सांगणारा मोकळा होतो. अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात महाकपि जातक चित्रित आहे. त्या नावाच्या एका कथेत दरीत पडलेल्या माणसाला वानर मोठ्या कष्टाने बाहेर काढतो, दमून झोपतो, आणि तोच माणूस भुकेपोटी त्याच्या डोक्यात दगड घालतो. रक्तबंबाळ वानर त्याला तरीही जंगलाबाहेरची वाट दाखवतो, पण आता तो झाडावरून चालतो आणि माणसाला जमिनीवरून यायला सांगतो. मदत थांबली नाही, मात्र अंतर आले. हे अंतर गाळून नुसती क्षमा सांगू नये. ज्या मुलाचा विश्वास खरोखर कोणी मोडलेला आहे, त्याला त्या अंतराचीच गरज असते.

चांगल्या पात्राची चोरी झाकणे

काळा साप पिले खातो म्हणून कावळी राजवाड्यातल्या स्त्रियांचा सोन्याचा दागिना उचलते आणि सापाच्या ढोलीत टाकते. मूल विचारते, ही चोरी नव्हे का? होय, आहे, असे सरळ सांगावे. मग दागिना परत मिळाला का, कावळीने तो स्वतःसाठी ठेवला का, तिला दुसरा कोणता मार्ग होता, हे विचारावे. मगरीला "काळीज झाडावर राहिले" म्हणणाऱ्या माकडाबाबतही हेच. चिऊताईबाबतही, कारण भर पावसात शेणाचे घर वाहून गेलेल्या काऊला तिने बाळाची तीट होईपर्यंत दाराबाहेर ठेवणे बरोबर होते का, हा प्रश्न चार वर्षांची मुलेसुद्धा विचारतात, आणि त्यांना गप्प करण्याचे काहीच कारण नाही.

फिटंफाट झाली की गोष्ट मिटवणे

लोखंडी तराजूच्या गोष्टीत ही चूक माझ्याकडून अनेक वर्षे होत राहिली. दिवस फिरलेला एक वाणी परदेशी जाताना वाडवडिलांचा हजार पलांचा (पल हे जुने वजनाचे माप) लोखंडी तराजू एका व्यापाऱ्याकडे ठेव म्हणून ठेवतो. परतल्यावर व्यापारी म्हणतो, उंदरांनी खाल्ला. वाणी भांडत नाही. तुमचा काय दोष, असे म्हणतो आणि स्नानाचे साहित्य धरायला तुमचा मुलगा सोबत द्या, अशी विनंती करतो. येथे दोन क्षण थांबावे, कारण ऐकणाऱ्याला त्या शांतपणाची शंका यायला हवी. नदीवर तो मुलाला गुहेत ठेवतो, तोंडावर धोंड लावतो आणि एकटाच परत येऊन सांगतो की मुलाला ससाण्याने नेले. प्रकरण राजसभेत जाते. जेथे हजार पलांचे लोखंड उंदीर खातात, तेथे ससाण्याने मूल उचलले तर नवल काय, असे वाणी विचारतो. सभासद हसतात आणि तराजू एकाला, मुलगा दुसऱ्याला परत मिळतो.

मी येथेच थांबत असे, कारण दोन्ही पारडी समान झालेली असत. एकदा दुसरीतल्या एका मुलीने विचारले, "त्या मुलाला गुहेत अंधारात भीती नाही वाटली का?" मी उत्तर देऊ शकलो नाही. तराजू त्याने घेतला नव्हता, खोटेही तो बोलला नव्हता. पाहुण्याचे सामान धरून तो विश्वासाने नदीवर गेला होता. आता मी ही गोष्ट सांगतो तेव्हा धोंड लावल्यावर लगेच गावाकडे वळत नाही. आतला ओलावा, फटीतून येणारी उजेडाची रेघ, बाहेर दूर जाणारी पावले हे सगळे सांगतो, आणि शेवटी, राजसभा उठल्यावर, धोंड बाजूला करायला कोण गेले असेल आणि त्या मुलाशी पहिले वाक्य काय बोलले असेल, हे मुलांनाच विचारतो.