बायपासनंतर छातीवरचा वण कसा पाहावा

पहिले तीन महिने वणाच्या दिसण्यापेक्षा खालच्या हाडाकडे लक्ष द्या. शस्त्रक्रियेत छातीचं मधलं हाड कापून नंतर तारांनी बांधलेलं असतं. खोकताना उशी छातीशी घट्ट धरावी. खोकला आला की हाड सरकल्यासारखं वाटलं, ‘कट’ असा आवाज आला, ताप चढला, टाक्यांतून पू किंवा गुलाबी पाणी आलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. शस्त्रक्रिया मुंबईला झाली असली, तरी पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, जे जिल्हा रुग्णालय जवळ असेल तिथे दाखवा. रहाट ओढणं, भरलेली कळशी उचलणं हे डॉक्टर ‘हो’ म्हणेपर्यंत बंदच.

वण पक्का व्हायला वर्ष-दीड वर्ष लागतं. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात तो लालसर, जाड दिसणं नेहमीचंच. महिन्यातून एकदा खिडकीजवळ, शेजारी मापाची पट्टी धरून, समोरून आणि बाजूने फोटो काढा. आंघोळीनंतर अर्धा तास जाऊ द्या, कारण गरम पाण्याने वण जास्तच लाल दिसतो.

वण तपासायला डॉक्टर ‘व्हँकुव्हर’ नावाची गुण देण्याची पद्धत वापरतात. तीत चार गोष्टी पाहतात: लाली, रंग, लवचिकता, उंची. घरीही हेच पाहता येतं. सावळ्या कातडीवर लाली लपते. पारदर्शक पट्टीने वण दाबा. फिका पडला तर तिथे रक्तपुरवठा अजून जास्त आहे, तपकिरीच राहिला तर तो कातडीचा रंग. वण चिमटीत उचलून पाहा, दोरीसारखा कडक लागतो का. उंची 2 मिलिमीटरच्या आत असेल तर ठीक, 5 च्या वर गेली तर दाखवायलाच हवं.

खरी मेख कडेला असते. फुगवटा मूळ चिरेच्या आतच राहिला, तर तो बहुधा हळूहळू बसतो. चीर ओलांडून शेजारच्या कातडीवर पसरू लागला, खाज-टोचणी वाढली, तर तो किलॉइड. छातीच्या मध्यावर कातडी सतत ताणली जाते, म्हणून तो इथे फार होतो. स्तनांच्या वजनानेही वण ओढला जातो. बायकांनी तार नसलेली, नीट आधार देणारी ब्रा वापरावी.

जखम पूर्ण मिटल्यावर सिलिकॉनची पट्टी रोज किमान 12 तास, दोन-तीन महिने. आपल्याकडच्या घामात तिच्याखाली पुरळ येतं. रोज धुवा, कातडी कोरडी करा, सुरुवातीला दिवसाला 4 तासच लावा. पावसाळ्यात पट्टीऐवजी सिलिकॉनचं जेल सोयीचं. ओल्या जखमेवर हळद-तेल अजिबात नको. मिटलेल्या वणाला खोबरेल चालेल, पण ते सिलिकॉनचं काम करत नाही. किलॉइड नुसता कापून काढला तर बऱ्याचदा पहिल्यापेक्षा मोठा उगवतो. म्हणून आधी त्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात, चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा.