पडदा लावायच्या आधी भिंत ठोकून बघा

आम्ही कोरेगावकडचे. घरच्या भिंती दगड-मातीच्या, त्यामुळे खुंटी मारायची म्हणजे दोन दगडांच्या सांध्यात लाकूड ठोकायचं, की झालं. १९९८ साली यांची नाशिकजवळ देवळालीला बदली झाली, लष्करी क्वार्टर मिळालं, आणि मी त्याच हिमतीवर दोन इंची खिळा घेऊन स्टुलावर चढले. पहिला खिळा वाकला. दुसरा वाकला. तिसरा हातोडीखालून सटकला, तो दोन वर्षांनी मार्चिंग आउटच्या, म्हणजे क्वार्टर सोडायच्या दिवशी कपाटामागे सापडला. भिंतीचा मात्र रुपयाएवढा टवका उडाला आणि आतून करडं काँक्रीट दिसायला लागलं. समोरच्या ब्लॉकचा जिना थेट आमच्या खिडकीपुढे. पहिले आठ दिवस ग्रिलला बांधलेली सोलापुरी चादर हाच आमचा पडदा.

आज नवीन कुणी देवळाली कॅम्पात किंवा नाशिकरोडला राहायला आलं, की सामानाच्या काळ्या पेट्या उघडायच्या आधी मला हेच विचारतं, पडदा भिंतीला लावायचा कसा? म्हणून एकदा सगळं लिहून ठेवते.

आधी भिंत कसली आहे ते बघा. बोटाच्या पेरांनी खिडकीच्या वर, बाजूला, थोडं लांब असं वाजवत जा. विटेची भिंत जरा बसका आवाज देते, काँक्रीट खडकासारखं, त्याला आवाजच नाही. साध्या बांधकामात खिडकीच्या डोक्यावर साधारण सहा इंच उंचीची काँक्रीटची पट्टी असते, तिला लिंटेल म्हणतात. खिडकीच्या दोन्ही बाजूंनाही ती काही इंच भिंतीत गेलेली असते. आपण सगळे नेमका तिथेच खिळा मारायला जातो, कारण पडदा तिथेच शोभतो. शिवाय काँक्रीट जितकं जुनं तितकं कडक होत जातं, त्यामुळे तीस-चाळीस वर्षांच्या क्वार्टरचा लिंटेल म्हणजे निव्वळ हट्टी म्हातारा. त्याच्याशी भांडू नका. पडद्याचा रॉड धरणारं ब्रॅकेट खिडकीच्या वर आठ-नऊ इंचांवर घेतलं, की बहुतेक वेळा लिंटेल संपून वीट लागते आणि काम निम्म्यावर येतं. वर लगेच बीम असेल तर मात्र ही युक्ती चालत नाही.

कॅम्पातल्या काही जुन्या, इंग्रजांच्या वेळच्या इमारतींत उलटी गंमत असते. भिंती हात-हात जाड, पण सांधे चुन्याचे. खिळा लोण्यात जावा तसा जातो आणि तसाच बाहेरही येतो. तिथे सांधा सोडून दगडात किंवा विटेच्या मधोमध भोक घ्या. देवळालीचा विषय निघालाच आहे तर सांगते, मायदेशी परतणारे गोरे सैनिक इथे जहाजाची वाट बघत महिनोन्‌महिने पडून असायचे. त्यावरून डोकं फिरलेल्या माणसाला इंग्रजीत 'डूलॅली' म्हणायला लागले, तो शब्द आपल्या देवळालीचाच. पडद्याचा रॉड तिसऱ्यांदा अंगावर पडला की तो शब्द मनापासून पटतो.

शहरातल्या नव्या टॉवरमध्ये तिसराच प्रकार. मायवान पद्धतीने बांधलेल्या इमारतीत विटा नसतातच, अख्खी भिंत काँक्रीटची ओतलेली असते. आठ इंच वर जा नाहीतर दोन फूट, सगळीकडे तेच. आणि काही ठिकाणी पांढरे हलके ब्लॉक असतात, एएसी म्हणतात त्यांना. त्यात ड्रिल साबणात शिरावं तसं शिरतं, पण साधी गिट्टी, म्हणजे स्क्रू धरायला भोकात बसवतात ती प्लास्टिकची नळी, त्यात धरत नाही, लांब गिट्टी लागते. ओळखायची सोपी खूण म्हणजे भोकातून पडणारी भुकटी. लाल आली तर वीट. करडी आली आणि ड्रिल रडत असेल तर काँक्रीट. करडी असूनही ड्रिल सहज जात असेल तर राखेची वीट. पांढरी पिठासारखी सतत येत राहिली तर ब्लॉक. पहिले अर्धा-पाऊण इंच जे निघतं ते प्लास्टर असतं, त्यावरून काही ठरवू नका.

आता क्वार्टरवाल्यांसाठी वेगळं. क्वार्टर ताब्यात घेताना, म्हणजे मार्चिंग इनच्या वेळी, एमईएसचा, म्हणजे क्वार्टरची देखभाल करणाऱ्या लष्करी बांधकाम खात्याचा माणूस यादी घेऊन येतो. आपण पंखे आणि नळ मोजतो, भिंतीकडे बघतच नाही. बघा. आधीच्यांनी पाडलेली भोकं, उडालेलं प्लास्टर, तुटलेलं पेल्मेट म्हणजे पडद्यावरची लाकडी पेटी, सगळं त्या कागदावर लिहून घ्या आणि मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. नाहीतर सोडताना ते तुमच्या नावावर बॅरॅक डॅमेज, म्हणजे क्वार्टरच्या नुकसानीची भरपाई म्हणून लागतं. माझ्या त्या रुपयाएवढ्या खड्ड्याचे पैसे लागलेच, पण बेडरूममधल्या चार भोकांचेही लागले, जी आम्ही पाडलीच नव्हती. तेव्हा मी नवी होते, गप्प बसले. नवीन भोक पाडायचं असेल तर आधी विचारून घ्या. बऱ्याचदा आधीचेच हूक किंवा लाकडी पेल्मेट जागेवर असतं आणि त्यावर नुसता रंग चढलेला असतो. जुन्या भोकात नवी गिट्टी घालण्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही.

ड्रिल करायचंच असेल तर साधं ड्रिल घेऊ नका, हॅमर ड्रिल घ्या. मशीनवर हातोडीचं चित्र असतं, बटण तिकडे फिरवायचं. हार्डवेअरच्या दुकानात नुसतं 'बिट द्या' म्हटलं तर लाकडाचा किंवा लोखंडाचाही हातात पडेल. 'काँक्रीटचा बिट' म्हणा, त्याच्या टोकाला कार्बाइडचा चपटा तुकडा असतो. हलक्या पडद्याला ६ एमएमचा, जाड पडद्याला ८ एमएमचा, आणि गिट्टीही त्याच मापाची. बिट ६ चा आणि गिट्टी ८ ची आणून मग हातोडीने ठोकत बसणारे माझ्या माहितीत तरी अर्धा डझन आहेत, त्यातले एक आमच्याच घरात आहेत.

सुरुवात हॅमर बंद ठेवून करा, हळूच, नुसती खळी पडेपर्यंत. एकदम हॅमर लावला की बिट भिंतीवर नाचतो आणि भोक अर्धा इंच बाजूला पडतं. खळी पडली की हॅमर चालू. बिटवर दोन इंचांवर चिकटपट्टी गुंडाळा, तिथपर्यंत गेला की थांबायचं. दोन इंच का? कारण वरचं अर्धा-पाऊण इंच प्लास्टर कामाचं नाही. गिट्टी प्लास्टरमध्येच अडकून राहिली तर पडदा आठवडाभर छान दिसतो आणि मग कुणीतरी जोरात सरकवला की गिट्टी, स्क्रू, प्लास्टरचा टवका सगळं खाली. गिट्टी प्लास्टरच्या पलीकडे, कडक भागात बसली पाहिजे. त्यासाठी तिला स्क्रूच्या टोकाने थोडी आत ढकला आणि स्क्रू दोन इंची घ्या. गिट्टी घालण्याआधी भोकातली भुकटी फुंकून काढा. फुंकताना डोळे मिटा, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

बिट अचानक अडला, आवाज बदलून किंचाळल्यासारखा यायला लागला आणि भुकटीत चकाकी दिसली, तर सळई लागली आहे. जोर लावू नका. बिट जळतो आणि सळई काही हलत नाही. इंचभर वर सरका. लिंटेलच्या सळया बहुतेक खालच्या अंगाला असतात, त्यामुळे वर सरकलं की सुटका होते.

आणखी एक, हे मात्र गमतीत घेऊ नका. स्विचबोर्डच्या सरळ वर आणि एसीच्या पॉइंटच्या सरळ रेषेत भोक पाडू नका. वायरीचा पाइप भिंतीतून असाच उभा-आडवा गेलेला असतो. जागेबद्दल जरा जरी शंका असली तरी वायरमनला विचारा.

धुळीसाठी भोकाच्या खाली कागदाचं पाकीट उघडं करून चिकटपट्टीने लावायचं, सगळी भुकटी त्यात पडते. दोन ब्रॅकेटची उंची छतापासून मोजू नका, खिडकीच्या चौकटीपासून मोजा. छत आणि खिडकी एका पातळीत असतील असं समजायचं कारण नाही, आणि पडदा तिरका दिसतो तो खिडकीच्या हिशेबाने. रॉड पाच-सहा फुटांच्या पुढे असेल तर मध्ये तिसरं ब्रॅकेट हवंच, नाहीतर उन्हाळा संपेपर्यंत त्याची झोळी होते.

भोक पाडायचंच नसेल तर? जुन्या क्वार्टरला लाकडी चौकट असेल तर प्रश्नच नाही. चौकटीत दोन छोटे हूक पिळायचे आणि प्लास्टिक चढवलेली स्प्रिंगची तार ताणून लावायची. आमच्या आयांनी आयुष्यभर तेच केलं. तार पडद्याच्या कापडाने मधे झुकते, म्हणून हलकं सुती कापड घ्या आणि तार मापापेक्षा चार-पाच इंच कमीच कापा. खिडकी भिंतीच्या आत खोल असेल तर दोन्ही बाजूंना दाबून बसणारा स्प्रिंगचा रॉड मिळतो. तीन-चार फुटांच्या खिडकीला आणि हलक्या पडद्याला तो चालतो, पण त्याच्या रबराखाली चुना असेल तर तो रोज थोडा थोडा खाली येतो. चिकटवायचे हूक चुन्याच्या किंवा स्वस्त डिस्टेंपरच्या भिंतीवर लावूच नका. हूक गोंदाला धरून असतो, गोंद रंगाला धरून असतो आणि रंग कुणालाच धरून नसतो. टाइलवर किंवा ऑइल पेंटवर मात्र ते बरे टिकतात. लोहचुंबकाचा रॉड जुन्या लोखंडी खिडक्यांना चालेल, नव्या अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीला तो चिकटणारच नाही.

यांची नोकरी संपल्यावर आम्ही जेलरोडला तीन वर्षं भाड्याने होतो. तिथला धडा वेगळा. करारनामा अकरा महिन्यांचा, त्यात 'भिंतींना इजा करू नये' अशी एक ओळ. इजा म्हणजे काय, हे घरमालक डिपॉझिट परत करायच्या दिवशी ठरवतात. म्हणून पडद्याचं आधीच विचारा आणि उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर घ्या, तोंडी नको. बरेच मालक 'रॉड इथेच ठेवून जा, भोकाचं काही नाही' म्हणतात, आणि खरं तर तोच चांगला सौदा आहे. रॉड काढून नेण्यापेक्षा भोक बुजवायची कटकट मोठी. बुजवायचंच असेल तर गिट्टीत स्क्रू अर्धा फिरवा आणि पकडीने दोन्ही एकदम ओढा. भोक ओलं करून वॉल पुट्टी भरा. वाळली की ती आत बसते, म्हणून दुसऱ्या दिवशी परत भरा आणि बारीक पॉलिश पेपर मारा. टूथपेस्टने भोक बुजवायचा सल्ला देणारे लोक बहुधा पांढऱ्या भिंतींच्याच घरात राहतात.

पडदे घेताना एक हिशेब. बदलीचं घर असेल तर मापाने शिवून घेऊ नका. पुढच्या गावी खिडकी वेगळीच निघते. सात फुटी तयार पडदे घ्या, खिडकी छोटी असेल तर खालून दुमडून टाके घाला, टाके उसवता येतात. रॉडही लांबी कमी-जास्त होणारा घ्या. चार फुटी खिडकीला चार फूट रुंदीचे दोन पडदे हवेत. एकच लावला तर तो ताणलेल्या चादरीसारखा दिसतो आणि कडेने ऊन येतंच. पश्चिमेच्या खिडकीला पैसे खर्च करा, बाकी ठिकाणी वाचवा. नाशिकची हवा थंड असं ऐकून येता, पण एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो आणि चारनंतरचं ऊन भिंतीपर्यंत येतं. तिथे अस्तराचा जाड पडदा हवा, आणि त्याला ८ ची गिट्टी. कापड मेन रोड-शालिमारकडे बघा, निवड भरपूर आहे. रॉड आणि ब्रॅकेट तुमच्या जवळच घ्या, लांब रॉड घेऊन बसमध्ये चढून बघितलंय मी.

कॅम्पात नव्याने आलेल्यांनी एका गोष्टीला घाबरू नये. रेंजवर तोफांचं फायरिंग सुरू झालं की तावदानं थरथरतात आणि रॉडच्या कड्या किणकिणतात. माझी मुलगी लहानपणी त्याला 'पडदा बोलतो' म्हणायची. ब्रॅकेटजवळून भुकटी गळत असेल तर मात्र ती तोफेची चूक नाही. तुमची गिट्टी प्लास्टरमध्येच राहिली आहे.

ड्रिल मशीन माझ्याकडे आहे, नाशिकच्या उपनगर नावाच्या भागात. दुपारी दोन ते चार सोडून कधीही घेऊन जा, त्या वेळात आमच्या सोसायटीत ड्रिलच काय, शिट्टीही वाजवू देत नाहीत. ६ चा बिट मात्र तुमचा आणा. माझा मागच्या आठवड्यात शेजारच्यांच्या सळईवर गेला.