कुलूप दिसलं म्हणजे साइट खरी, असं नाही
ब्राउझरमधलं पत्त्याशेजारचं कुलूप एवढंच सांगतं की वाटेत तुमची माहिती कोणी वाचत नाही. पलीकडे कोण बसलंय, हे त्याला ठाऊक नसतं. कुलपामागचं एचटीटीपीएस, म्हणजे माहिती गुप्त ठेवून पाठवायची पद्धत, फसव्या साइटलाही फुकट मिळतं. क्रोमने तर २०२३ मध्ये कुलपाचं चिन्हच बदललं. त्यामुळे पहिल्या एकेरी तिरप्या रेघेच्या लगेच आधीचं नाव वाचा: ‘बँक.कॉम.लॉगिन-मदत.नेट’ ही साइट लॉगिन-मदत.नेटची, बँकेची नव्हे. पासवर्ड मॅनेजर (पासवर्ड जपून ठेवणारं ॲप) अशा ठिकाणी आपणहून पासवर्ड भरत नाही. तो गप्प राहिला तर हाताने टाइप करू नका.

एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्रॅम, हा मात्र घरभेदी: तो आतूनच पानं वाचू शकतो. क्रोममध्ये तीन ठिपके, एक्स्टेन्शन्स, मॅनेज एक्स्टेन्शन्स, डिटेल्स. तिथे साइट ॲक्सेस ‘ऑन क्लिक’वर ठेवा. वापरत नसाल ते काढाच.

ब्राउझरचं अपडेट डाउनलोड झालं तरी तो पुन्हा सुरू केल्याशिवाय लागू होत नाही. महिनोन्महिने टॅब उघडे ठेवणारे इथेच फसतात.