अमेरिकेत अपंगत्व लाभाची वाट पाहताना आरोग्य विमा कसा टिकवावा

आजारपणामुळे नोकरी सुटली की अमेरिकेत पगाराबरोबर आरोग्य विमाही जातो, आणि तोही नेमका दवाखान्याच्या फेऱ्या वाढलेल्या असताना. सोशल सिक्युरिटीचा अपंगत्व लाभ, म्हणजे एसएसडीआय, मंजूर झाला तरी पहिले पाच पूर्ण महिने त्याचे पैसे मिळत नाहीत, आणि लाभाचा हक्क सुरू झाल्यापासून २४ महिने उलटल्यावरच मेडिकेअर, म्हणजे वृद्ध आणि अपंगांसाठीचा केंद्र सरकारचा आरोग्य विमा, लागू होते. दोन्ही मुदती मिळून २९ महिने होतात. एएलएस हा स्नायू निकामी करत जाणारा मज्जातंतूंचा आजार झालेल्यांना यातली कोणतीच मुदत लागू नाही, आणि मूत्रपिंडे निकामी होऊन डायलिसिसवर असलेल्यांना मेडिकेअर वेगळ्या नियमाने बरेच आधी मिळते. बाकीच्यांना हे २९ महिने स्वतःच भरून काढावे लागतात.

पहिले काम म्हणजे सोशल सिक्युरिटीकडे लगेच अर्ज करणे. ‘आधी जरा बरे वाटू दे, मग कागदपत्रांचे बघू’ असे आपल्या घरांतून हमखास म्हटले जाते, आणि सर्वांत मोठे नुकसान तिथेच होते. २४ महिन्यांची मोजणी मंजुरीच्या पत्रापासून होत नाही. ती लाभाचा हक्क सुरू झाल्याच्या तारखेपासून होते, आणि ती तारीख अपंगत्व कधीपासून मान्य झाले यावर ठरते. त्यामुळे प्रकरण लांबले तरी त्यातला बराचसा काळ या २४ महिन्यांत धरला जातो. अर्ज नामंजूर झाल्यास नव्याने अर्ज न करता ६० दिवसांच्या आत अपील करावे, कारण नव्या अर्जामुळे आधीची तारीख हातची जाऊ शकते.

त्यानंतर घरातच पाहावे. पती किंवा पत्नी नोकरीत असेल, तर त्यांच्या कंपनीच्या विम्यात आपले नाव घालता येते. मात्र त्यासाठी जुना विमा संपल्यापासून सहसा ३० दिवसच मिळतात. बहुतेकांच्या डोक्यात ६० दिवस पक्के बसलेले असतात. ते मार्केटप्लेसचे (स्वतः विमा विकत घेण्याच्या सरकारी बाजाराचे) आणि कोब्राचे (नोकरी सुटल्यावरही कंपनीचा विमा चालू ठेवू देणाऱ्या कायद्याचे).

ही सोय नसेल तर कोब्रा. २० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपनीचा जुनाच विमा या कायद्याने १८ महिने चालू ठेवता येतो. डॉक्टर तेच राहतात आणि वर्षाचा भरलेला डिडक्टिबलही (विमा पैसे देऊ लागण्याआधी स्वतः भरायची रक्कम) वाया जात नाही. किंमत मात्र झोंबते. समजा, विम्याचा पूर्ण हप्ता महिना ८०० डॉलर होता आणि पगारातून २०० कापले जात होते. आता कंपनीचा वाटा बंद होऊन १०२ टक्क्यांपर्यंत, म्हणजे ८१६ डॉलरपर्यंत, रक्कम दरमहा आपल्याला भरावी लागते.

कोब्रा घेण्याचा निर्णय कळवायला विमा संपल्याची तारीख किंवा सूचनापत्राची तारीख, यांपैकी जी नंतरची असेल तिच्यापासून ६० दिवस मिळतात, आणि त्यानंतर पहिला हप्ता भरायला आणखी ४५. ३१ मार्चला विमा संपला आणि पत्र १४ एप्रिलचे असेल, तर १३ जूनपर्यंत निर्णय घेता येतो आणि विमा १ एप्रिलपासूनच धरला जातो, अर्थात मधल्या महिन्यांचे हप्ते भरून. निरोगी माणूस हे ६० दिवस थांबून पाहू शकतो. ज्याची औषधे दरमहा चालू आहेत त्याने थांबू नये, कारण तोपर्यंत फार्मसीच्या संगणकावर विमा बंद दिसतो, काउंटरवर पूर्ण किंमत मोजावी लागते आणि नंतर पावत्या पाठवून परतावा मागत बसावे लागते.

अपंगांसाठी कोब्राची मुदत आणखी ११ महिन्यांनी वाढते: १८ आणि ११ मिळून नेमके २९. विम्यातील कुटुंबीयांनाही ही वाढ मिळते. अट अशी की, कोब्राच्या पहिल्या ६० दिवसांत आपण अपंग होतो, असा निर्णय सोशल सिक्युरिटीने दिलेला असला पाहिजे आणि त्या पत्राची प्रत प्लॅनच्या व्यवस्थापकाकडे पोहोचवली पाहिजे. ही प्रत साधारणपणे निर्णयापासून ६० दिवसांत, पण १८ महिने संपण्याच्या आत द्यावी लागते. निर्णय विसाव्या महिन्यात आला तर ही वाढ गेली. अर्जाची घाई म्हणूनच. या ११ महिन्यांत हप्ता १५० टक्क्यांपर्यंत, म्हणजे वरच्या उदाहरणात १,२०० डॉलरपर्यंत, जाऊ शकतो.

हे परवडणारे नसेल तर जुना विमा संपल्यापासून ६० दिवसांत मार्केटप्लेसवर विमा घ्यावा. २०१४ पासून तिथे आधीच्या आजारामुळे नकार देता येत नाही वा हप्ता वाढवता येत नाही, आणि उत्पन्न घटले असेल तर सवलतही मिळू शकते. मात्र मधेच कोब्रा सोडून इकडे येऊ, असा बेत करू नये. आपणहून कोब्रा सोडल्यास नोव्हेंबरमध्ये सुरू होणाऱ्या खुल्या नोंदणीपर्यंत सहसा थांबावे लागते.

उत्पन्न फारच कमी उरले असेल तर मेडिकेड, म्हणजे अल्प उत्पन्न असलेल्यांसाठीचा सरकारी विमा. न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियात दारिद्र्यरेषेच्या १३८ टक्क्यांपर्यंत उत्पन्न असलेल्या प्रौढाला अपंगत्वाच्या निर्णयाची वाट न पाहता ते मिळू शकते. टेक्सासने मात्र मेडिकेडचा अशा प्रौढांपर्यंतचा विस्तार स्वीकारलेला नाही. ग्रीन कार्डधारकांपैकी बहुतेकांना केंद्राच्या नियमानुसार पाच वर्षे थांबावे लागते.

स्वस्त दिसणाऱ्या अल्पमुदतीच्या विम्यांपासून दूर राहावे. त्यांत सहसा आधीचा आजार वगळलेला असतो, आणि आपल्याला उपचार त्याचेच हवे असतात. बिल थकलेच तर ना-नफा रुग्णालयाकडे आर्थिक मदतीचा अर्ज मागावा. अशी योजना लेखी ठेवणे त्यांना कायद्याने बंधनकारक आहे, आणि पहिल्या बिलानंतर २४० दिवसांपर्यंत अर्ज करता येतो.

शेवटी मेडिकेअरचे कार्ड टपालाने येते. त्यातला ‘पार्ट बी’, म्हणजे डॉक्टरांच्या भेटी आणि बाह्योपचारांचा भाग, हप्ता वाचवण्यासाठी नाकारावा असे वाटेल, पण कोब्राचा विमा चालू नोकरीचा मानला जात नसल्याने उशिरा नोंदणी केल्यास दंड बसू शकतो. म्हणून पार्ट बी ठेवावा आणि मेडिकेअर प्रत्यक्ष सुरू होईपर्यंत जुना विमा बंद करू नये.