'थीफ' खेळताना कान उघडे ठेवा
१९९८ चा 'थीफ: द डार्क प्रोजेक्ट' हा लपतछपत चोरी करायचा कॉम्प्युटर गेम मी दारव्ह्याजवळच्या आमच्या गावात रात्रीच खेळतो, हेडफोन लावून. तुम्हीही लावा, पहारेकरी आधी ऐकू येतो, मग दिसतो. जागलीला गेलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. वाळल्या पऱ्हाटीतून रानडुक्कर कुठं निघालं, ते कानच सांगतो. गॅरेटचे, म्हणजे गेममधल्या आपल्या चोराचे, पायही तसेच बोलतात. लोखंड, फरशी टाळा. गालिचा, गवत धरा. दुसरी वाटच नसेल तर शेवाळाचा बाण मारा अन् त्यावरून चाला. स्क्रीनवर खाली प्रकाशमणी असतो, आपण किती उजेडात आहोत ते तो दाखवतो; तो काळा असेल तिथंच दम घ्या. पाण्याच्या बाणानं मशाल विझते, विजेचा दिवा नाही. तलवार मात्र काढू नका बाप्पा! मागून दंडुका हाणा, अन् बेशुद्ध गडी उचलून अंधारात ठेवा.