ऑटिझम असलेलं मूल जेवत नाही? आम्ही केलेल्या या चुका टाळा

माझा मुलगा चार वर्षांचा होता तेव्हा पाचच गोष्टी खायचा. पांढरा भात, साधं वरण, एकाच कंपनीचं बिस्किट, दूध आणि कडक भाजलेल्या पोळीच्या कडा. सहावी गोष्ट त्याच्या पोटात जावी म्हणून मी जिवाचा आटापिटा केला आणि त्यात पाचाच्या तीन झाल्या. जे गमावलं ते परत मिळवायला वर्षं गेली. नागपुरात माझ्यासारख्या आया थेरपीच्या बाकावर भेटतात, त्यांच्याकडून याच गोष्टी ऐकू येतात, म्हणून लिहितेय.

"भूक लागली की खाईल"

सासूबाई म्हणायच्या, "दोन दिवस काही देऊ नको त्याले. भूक लागन तं बरोबर खाईन." त्यांची तिन्ही लेकरं अशीच वाढली होती. नुसते नखरे करणारं मूल भूक लागली की खातंही. पण ऑटिझम असलेल्या बऱ्याच मुलांना भूक लागल्याची जाणीवच नीट होत नाही. शिवाय भेंडीचा बुळबुळीतपणा त्यांना आपल्या तोंडात केस आल्यासारखा वाटतो. भुकेपेक्षा ती किळस आणि भीती मोठी असते. खाणं इतकं कमी होऊन वजन, पोषण किंवा रोजचं जगणं बिघडत असेल, तर डॉक्टर त्याला अर्फिड म्हणतात. 2013 साली डीएसएम-5 या निदानपुस्तकात हे नाव आलं. बारीक दिसण्याच्या इच्छेशी त्याचा संबंध नसतो आणि हट्टाशीही नाही.

आम्ही एक दिवस तो प्रयोग केला. मे महिना, बाहेर पंचेचाळीस अंश. संध्याकाळपर्यंत त्यानं पाणीही सोडलं आणि रात्री सलाइन लावावं लागलं. लहान मुलाची साखर झपाट्यानं उतरते, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात अंगातलं पाणीही. हे कोणीच करू नका.

लपवून घालणं

माझी सगळ्यात मोठी चूक ही. वरण खातोच आहे, तर त्यात दोन चमचे लाल भोपळा वाटून घालावा, कळणार कसं? रंग जवळजवळ तोच होता. त्यानं वाटी नाकाजवळ नेली, खाली ठेवली, एका बोटानं लांब सरकवली. रडला नाही, ओरडला नाही. त्या दिवसापासून सात महिने त्यानं वरणाला हात लावला नाही. साधं वरण केलं तरी नाही, कारण वाटीत काय असेल याची खात्रीच त्याला उरली नव्हती.

जे पदार्थ मूल खातं ते त्याच्या पायाखालची जमीन असतात. ते आधी जपायचे. दुधात लोहाचं औषध ढवळणंही त्यातलंच. दूध सुटतं, आणि दुधातल्या कॅल्शियममुळे लोह नीट शोषलंही जात नाही. औषध वेगळ्या वेळी, वेगळ्या चमच्यानं, हे औषध आहे असं सांगून द्या. आणि जेवत नाही म्हणून दुधाच्या बाटल्या वाढवू नका. दुधानं पोट भरतं, पण त्यात लोह फारच कमी असतं.

गहू आणि दूध बंद करणं

व्हॉट्सअ‍ॅपवर कोणीतरी पाठवतं, नात्यातलं कोणीतरी आग्रह धरतं. या आहारानं ऑटिझम सुधारतो याला भक्कम पुरावा नाही. तपासणीत सिलिअ‍ॅक (गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार) किंवा अ‍ॅलर्जी निघाली तर गोष्ट वेगळी. पाच गोष्टी खाणाऱ्या मुलाची पोळी, बिस्किट आणि दूध काढून घेतलं तर ताटात उरतं काय?

फक्त ताटाकडे बघणं

दर उन्हाळ्यात त्याचं जेवण अर्ध्यावर यायचं. आम्ही उन्हाला दोष देत होतो. थेरपिस्ट ताईंनी विचारलं, "जेवताना खोलीत काय काय चालू असतं?" हॉलमध्ये कूलर, त्याला नुकतंच बसवलेलं ओलं खस, त्याचा वास आणि ती अखंड घरघर. आपल्याला त्या वासानं गार वाटतं, त्याला मळमळत होतं. ताट मागच्या खोलीत नेलं, पंधरा मिनिटं कूलर बंद ठेवला. घाम आला, पण भात संपला.

पोटही तपासा. बद्धकोष्ठता असेल तर भूक लागतच नाही. किडलेला दात, आम्लपित्त, सुजलेले टॉन्सिल हेही बघून घ्या, कारण दुखतंय हे बऱ्याच मुलांना सांगता येत नाही.

जबरदस्ती, आणि कौतुकसुद्धा

नाक दाबून, डोकं मागे धरून घास कोंबू नका. घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. "एक घास खा, मग चॉकलेट" म्हटलं की तो घास शिक्षा ठरतो. एक दाणा खाल्ला म्हणून घरभर टाळ्या वाजवल्या, तेव्हाही माझा मुलगा टेबलावरून उठून गेला. मोबाइलबद्दल सगळेच रागावतात. पण मूल मोबाइल बघूनच चार घास खात असेल, तर तो एका दिवसात हिसकावू नका. हळूहळू कमी करा.

मग नवं काही खायला लावायचं कसं? जे खातो त्याच्या शेजारचं, आणि एका वेळी एकच बदल. पोळीच्या कडेवरून आम्ही पातळ कडक पोळीवर आलो, तिथून साध्या खाकऱ्यावर. नवी गोष्ट आधी वेगळ्या बशीत, नुसती टेबलावर असू दे. मग स्पर्श, वास, जिभेचं टोक. थुंकायला वाटी द्यायची, रागवायचं नाही. कधी पंधरा वेळा समोर ठेवावं लागतं, कधी त्याहून कितीतरी जास्त. संत्र्याची फोड आमच्या बशीत दोन हंगाम पडून होती. लग्नाच्या पंगतीत त्याचा डबा बिनधास्त सोबत न्या, लोक बोलतील ते बोलतील.

मात्र काही गोष्टींत थांबू नका. वजन उतरतंय, गिळताना ठसका लागतो, मूल पाणी घेत नाही, लघवी फार कमी झाली, तर लगेच दवाखाना गाठा. पाय दुखतात म्हणून चालत नाही आणि हिरड्यांतून रक्त येतं, तर हाडांच्या डॉक्टरकडे धावण्याआधी मूल काय खातं ते डॉक्टरांना सांगा. फळं-भाज्या अजिबात न खाणाऱ्या मुलांत क जीवनसत्त्वाच्या कमतरतेनं स्कर्व्ही होतो, संत्र्यांच्या या शहरातसुद्धा. माती, भिंतीचा पोपडा खात असेल तर लोह तपासून घ्या. वजन बरं दिसलं तरी या कमतरता असू शकतात.

नागपुरातलं मेडिकल (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय) असो, मिहानचं एम्स असो की तुमचे नेहमीचे बालरोगतज्ज्ञ, जाताना दोन गोष्टी न्या: मूल आठवडाभरात काय, किती, कुठल्या कंपनीचं खातं त्याची वही, आणि घरी जेवतानाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ. दवाखान्यात ते जेवून दाखवणार नाही. गिळण्याचा प्रश्न असेल तर स्पीच थेरपिस्ट, स्पर्श-वासाचा असेल तर ऑक्युपेशनल थेरपिस्ट, आणि आहारतज्ज्ञ, यांच्याकडे पाठवण्याविषयी स्वतःहून विचारा.